हिशेबात न बसणारी माशी : ‘ब्रेकिंग बॅड’मधल्या एका भागाचा प्रकरण अभ्यास

आठवड्याला 200 पौंड मेथ हा अमली पदार्थ बनवून द्यायचा, असा करार आहे. काम उरकलंय, प्रयोगशाळा घासूनपुसून झालीय, साथीदार जेसी घरी जायच्या घाईत आहे आणि वॉल्टर व्हाइट कागद-पेन घेऊन बसलाय. आकडे जुळत नाहीयेत. निघायला हवा होता तेवढा माल आणि प्रत्यक्षात निघालेला माल यांत 0.14 टक्क्यांचा फरक पडतोय. 200 पौंडांवर 0.14 टक्के म्हणजे जेमतेम पाव पौंड. एवढ्या मोठ्या कारभारात एवढं इकडेतिकडे व्हायचंच, असं कुणीही म्हणेल. जेसीही तेच म्हणतो : सांडलं असेल, उडून गेलं असेल, भांड्यांना चिकटून राहिलं असेल. वॉल्टला ते पटत नाही. जेसी निघून जातो, वॉल्ट पुन्हा आकडे तपासायला घेतो, आणि त्याच्यासमोर एक माशी येऊन बसते.

इथून पुढे भागाचा जवळजवळ सगळा वेळ हा रसायनशास्त्रज्ञ त्या माशीमागे धावतो. बूट फेकतो, दिवा फोडतो, वरच्या सज्जावरून खाली आपटतो, रात्रभर झोपत नाही आणि दुसऱ्या दिवशीचं काम बंद ठेवतो.

‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकन मालिकेच्या तिसऱ्या सीझनमधला हा दहावा भाग, ‘फ्लाय’. एएमसी वाहिनीवर तो 23 मे 2010 रोजी दाखवला गेला. लेखन सॅम कॅटलिन आणि मोइरा वॉली-बेकेट यांचं, दिग्दर्शन रायन जॉन्सनचं. मालिका 2013 मध्येच संपली आहे, त्यामुळे पुढे सगळं उघड करून लिहिलंय. अजून पाहिली नसेल आणि पाहायची असेल तर इथेच थांबलेलं बरं.

माशी म्हणजे वॉल्टच्या मनातला अपराध, हे उत्तर बहुतेक प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांतच देऊन टाकतात. ते चूक नाही, पण त्याने फारसं काही उलगडत नाही. कुठला अपराध? तो नेमका याच रात्री का उसळून आला? समोर ज्याची माफी मागायची तो माणूस बसलेला असताना वॉल्ट काय बोलतो आणि काय गिळतो? माझ्या मते या भागाची किल्ली माशीपेक्षा त्या 0.14 टक्क्यांत आहे. वॉल्टर व्हाइट हा पापाचाही हिशेब मांडणारा माणूस आहे, आणि दर वेळी त्याच्या हिशेबात थोडी तूट राहते. ही तूट पहिल्या सीझनपासून त्याच्या मागे लागली आहे.

मूळ गुन्हा

ज्यांना मालिका आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातलं अल्बकर्की शहर. शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या, पन्नाशीतल्या वॉल्टर व्हाइटला (ब्रायन क्रॅन्स्टन) फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचं कळतं. आपल्यामागे घरच्यांची सोय व्हावी म्हणून तो जेसी पिंकमन (ॲरन पॉल) या जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरून मेथ बनवायला लागतो. तिसऱ्या सीझनपर्यंत दोघं गस फ्रिंग नावाच्या सभ्य दिसणाऱ्या माफियाच्या पदरी लागलेले असतात. त्याच्या मालकीच्या एका मोठ्या लाँड्रीच्या तळघरात त्यांची अद्ययावत प्रयोगशाळा आहे. वर शहराचे कपडे धुतले जातात, खाली हे चालतं. मालिकेने या गोष्टीकडे कधी बोट दाखवलेलं नाही, हे तिचं शहाणपण.

ज्या अपराधाबद्दल आपण बोलतोय तो दुसऱ्या सीझनमधला, ‘फिनिक्स’ या बाराव्या भागातला. मे 2009 मध्ये तो दाखवला गेला. जेसीची प्रेयसी जेन मार्गोलिस हिला कळतं की वॉल्टने जेसीच्या वाट्याचे पैसे अडवून धरलेत. ती वॉल्टला धमकावते. वॉल्ट तान्ह्या मुलीसाठी डायपर आणायच्या निमित्ताने घराबाहेर पडतो आणि पैसे जेसीच्या घरी पोचवतो. परत जाताना एका बारमध्ये थांबतो. शेजारच्या स्टुलावरच्या अनोळखी माणसाशी गप्पा होतात : मंगळावरचं पाणी, मुलंबाळं, न ऐकणारी तरुण पोरं. तो माणूस म्हणतो, घरच्यांवर पाणी सोडून चालत नाही. वॉल्टला ते लागतं. तो जेसीकडे परत जातो.

जेसी आणि जेन हेरॉइन घेऊन बेशुद्धावस्थेत झोपलेत. वॉल्ट जेसीला हलवून उठवू पाहतो. त्या हिसक्याने कुशीवर झोपलेली जेन उताणी होते. तिला उलटी होते आणि ती गुदमरायला लागते. वॉल्ट धावत पलंगाच्या त्या बाजूला जातो, हात पुढे करतो आणि थबकतो. मग नुसता उभा राहून पाहतो. डोळ्यांत पाणी येतं. ते पुसून तो चेहरा नीट करतो.

याच भागात, त्याआधी, वॉल्ट आपल्या मुलीला, हॉलीला, पाळण्यात झोपवताना कुशीवर वळवतो आणि पाठीशी टॉवेलची गुंडाळी लावतो, दूध बाहेर काढलं तर घशात अडकू नये म्हणून. म्हणजे काय केलं की जीव वाचतो हे या माणसाच्या हातांना त्या दिवशी अगदी ताजं माहीत होतं. लेखकांनी हा पुरावा कोर्टात मांडावा तसा आधीच मांडून ठेवलाय, आणि पुढे त्याचा उल्लेख कुणीही करत नाही.

जेनच्या मृत्यूनंतर जेसी एका नशेबाजांच्या अड्ड्यावर सापडतो. मीच तिला मारलं, असं म्हणत तो वॉल्टच्या गळ्यात पडून रडतो. वॉल्ट त्याला बजावतो की तू कुणालाही मारलेलं नाहीस. या वाक्यातला शब्दन् शब्द खरा आहे, आणि ते बोलणाऱ्याला ते खरं असल्याची खात्री का आहे हे फक्त आपल्याला ठाऊक आहे. गुन्हेगारी मालिकांत खोटं बोलणारे गुन्हेगार पुष्कळ पाहिलेत. खरं बोलून लपवणारा विरळा.

बारमधला तो अनोळखी माणूस म्हणजे जेनचे वडील, डोनाल्ड मार्गोलिस. ते विमान वाहतूक नियंत्रक असतात. मुलीच्या दुःखात कामावर परततात, त्यांच्या हातून चूक होते आणि अल्बकर्कीच्या आकाशात दोन विमानं एकमेकांवर आदळतात. 167 माणसं मरतात.

हिशेबी माणूस

तिसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात त्या अपघाताबद्दल शाळेच्या जिममध्ये सभा भरते. मुलं रडतायत, मनातलं बोलतायत. वॉल्ट माईक हातात घेतो आणि आकडे सांगायला लागतो. हा अपघात जगातल्या मोठ्या विमान अपघातांच्या यादीत फार तर पन्नासावा, तोही कुणाच्या तरी बरोबरीने. 1977 चा टेनेरीफचा अपघात कुणाला आठवतो का? दोन भरलेली 747 विमानं, 583 मृत्यू. आठवत नाही ना? मग हेही विसराल. मुलं अवाक होतात. शेवटी त्याच्या हातून माईक काढून घ्यावा लागतो.

टेनेरीफचा आकडा खरा आहे. आणि हा माणूस गहिवरण्याच्या जागी गणित का मांडतोय, हे कळायला मालिकेच्या अगदी सुरुवातीला जावं लागतं.

पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागात एक जुना प्रसंग येतो. तरुण वॉल्ट त्याची तेव्हाची सहकारी ग्रेचेन हिच्याबरोबर फळ्यावर माणसाचं शरीर मांडतोय : हायड्रोजन किती टक्के, ऑक्सिजन किती, कार्बन, नायट्रोजन, असं करत करत शेवटच्या कणापर्यंत. बेरीज शंभरावर जात नाही. 0.111958 टक्के कमी पडतात. काहीतरी राहून जातंय, असं तो म्हणतो. ग्रेचेन सुचवते, आत्मा असेल. तो हसून उडवून लावतो, इथे फक्त रसायन आहे. हा प्रसंग सलग दाखवलेला नाही. मधे मधे, आताचा वॉल्ट आणि जेसी ॲसिडमध्ये विरघळवलेल्या एका प्रेताचा चिखल जमिनीवरून खरवडून काढताना दिसतात.

याच भागात वॉल्टने तळघरात एका माणसाला बांधून ठेवलंय. मारायचं की सोडायचं हे ठरवायला तो कागदावर दोन रकाने पाडतो. न मारण्याच्या बाजूला कितीतरी कारणं. मारण्याच्या बाजूला एकच : सोडलं तर हा माझ्या सगळ्या घराला मारेल. अखेर सोडायचं ठरवून तो किल्ली घ्यायला वर येतो, कचऱ्याच्या डब्यातून फुटलेल्या बशीचे तुकडे काढून ओट्यावर जुळवतो आणि त्याला कळतं की एक तुकडा नाहीये. लांबट, टोकदार. तो कैद्याने लपवून ठेवलाय.

म्हणजे एकाच भागात दोनदा तीच रचना. सगळं मोजून, जुळवून मांडलं, तरी एक तुकडा कमी. तो तुकडाच जीवघेणा. मालिकेच्या लेखकांनी तिसऱ्या सीझनमध्ये 0.14 टक्के लिहिताना फळ्यावरचे 0.111958 आठवले होते की नाही हे मला सांगता येणार नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. माणूस तोच असला की त्याची तूटही तीच असते.

तर ‘फ्लाय’मध्ये वॉल्ट ज्या तुटीमागे लागलाय तिचं कारण अगदी साधं आहे : जेसी माल चोरतोय. त्याला स्वतःचा वेगळा धंदा करायचाय. या तळघरात दोन चोर आहेत आणि दोघांकडे एकमेकांपासून लपवलेली एकेक गोष्ट आहे. वॉल्टचं गुपित फार मोठं, जेसीचं पाव पौंडाचं. माशी आली नसती तर कदाचित त्या रात्री जेसीचं गुपित उघडं पडलं असतं. माशी वॉल्टला त्या हिशेबावरून उठवते आणि दुसऱ्या, जुन्या हिशेबाकडे नेते. पटकथा म्हणून हे फार हुशार आहे. प्रतीक असलेली माशी आधी कथानकातलं एक काम चोख करते.

सोवळं

दुसऱ्या दिवशी जेसी कामावर येतो तेव्हा वॉल्टची अवस्था पाहण्यासारखी असते. डोळे तांबारलेले, अंग ठेचकाळलेलं, हातात स्वतःच बनवलेला, माशी मारायचा मोठ्ठा फटका. त्याचं एकच पालुपद : कंटॅमिनेशन. आत माशी आहे, सगळं दूषित झालंय, ती गेल्याशिवाय काम सुरू होणार नाही. आमच्याकडे एकेका घरात आजी सोवळ्यात असली की पोरांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाय लावायची सोय नसे. वॉल्टचा थाट तोच आहे. फरक एवढाच की चुलीवर जे शिजतंय ते विष आहे.

जेसी नेमकं हेच बोलून दाखवतो. आपण विष बनवतो, घेणाऱ्यांना त्याची पर्वा नाही, आपल्याएवढी न कुरकुरणारी गिऱ्हाइकं जगात दुसऱ्या कुणाला मिळणार नाहीत. विनोदी वाक्य आहे, आणि भागातलं सगळ्यात शहाणं वाक्यही तेच. ज्याला आपल्या हातांनी काय केलं त्याचं काही वाटत नाही, त्याला माशीचं एवढं वाटतं.

की उलट आहे? हातांनी जे केलं त्याचं काही करता येत नाही, म्हणून माशीचं करायचं. मला हे दुसरं जास्त पटतं. जेनला परत आणता येत नाही, 167 माणसं परत येत नाहीत, बायको घर सोडायला लावून बसलीय. माशी मात्र मारता येते. निदान येईल असं वाटतं. वॉल्टचा अपराधभाव प्रायश्चित्त शोधत नाही, तो एखादं पार पाडता येण्याजोगं काम शोधतो.

जेसीला वाटतं म्हाताऱ्याच्या डोक्यात बिघाड झालाय. तो आपल्या मावशीची गोष्ट सांगतो. तिच्या घराखाली पॉसम नावाचा प्राणी शिरला होता. तो काढून नेल्यावरही तिला तो आत फिरताना ऐकू यायचा. ती काठीने जमीन ठोकत बसायची. पुढे कळलं की कर्करोग मेंदूपर्यंत पोचला होता. गोष्ट सांगून जेसी हळूच विचारतो, मिस्टर व्हाइट, एवढ्यात डॉक्टरांकडे गेला होतात का?

ॲरन पॉलने हा प्रसंग ज्या काळजीने केलाय तो पाहताना पोटात तुटतं. ज्याच्या मैत्रिणीला या माणसाने मरू दिलं, तोच याच्या मेंदूत गाठ तर नाही ना म्हणून हवालदिल झालाय. आणि निदान चुकलं तरी त्याची दिशा बरोबर आहे. माशी खरी आहे, आपल्यालाही दिसते, पण वॉल्टचं दुखणं डोक्यातच आहे.

शिडी

जेसी माशांचे चिकट कागद आणतो आणि सोबत झोपेच्या गोळ्याही. त्या तो गुपचूप वॉल्टच्या कॉफीत घालतो. यालाही मागचा संदर्भ आहे. दुसऱ्या सीझनच्या शेवटी शस्त्रक्रियेआधी गुंगीचं औषध दिलेलं असताना बायकोने, स्कायलरने, वॉल्टला सहज विचारलं होतं, फोन बरोबर आणलायस का? त्याच्या तोंडून निसटलं : कुठला? त्या एका शब्दाने त्याचा दुसरा फोन उघडा पडला, आणि मग संसारच उसवला. या माणसाची जीभ औषधानेच सैल होते, हे प्रेक्षकांना माहीत आहे. म्हणून कॉफीचा कप ओठाला लागतो तेव्हापासून आपण श्वास रोखून बसतो.

वॉल्ट बोलायला लागतो. डॉक्टर म्हणतायत तब्येत छान आहे, मरण इतक्यात दिसत नाही. जेसी म्हणतो, हे तर झकास. वॉल्ट म्हणतो, नाही, माझी वेळ चुकली. मरायला एक अगदी योग्य क्षण होता, तो हातून गेला.

आणि मग तो हिशेब मांडतो. मालिकेतला त्याचा सगळ्यात भयंकर हिशेब. घरच्यांना पुरेल एवढा पैसा जमलेला हवा, नाहीतर या सगळ्याला अर्थच नाही. हॉलीचा जन्म झालेला हवा. पण स्कायलरला कळण्याआधी, म्हणजे शस्त्रक्रियेच्या आधी, त्या दुसऱ्या फोनच्या आधी. एक मर्यादा खालून, एक वरून, अशा आवळत आवळत तो एका रात्रीपाशी येतो. जेन गेली ती रात्र. मी घरी होतो, तो म्हणतो. टीव्हीवर हत्तींवरचा कसला तरी कार्यक्रम लागला होता. स्कायलर आणि हॉली दुसऱ्या खोलीत होत्या, बेबी मॉनिटरवर स्कायलरच्या अंगाईचा आवाज येत होता. बस, तिथपर्यंत जगलो असतो आणि त्यापुढे एक सेकंदही नाही, तर सगळं कसं पूर्ण झालं असतं.

भागाची सुरुवात आठवा. माशीचे अगदी जवळून घेतलेले शॉट, तिचे पाय, पंख, आणि त्यावर बाईच्या आवाजात एक अंगाई. तेव्हा ती नुसती विचित्र वाटते. अर्धा तास उलटल्यावर कळतं की ती कुठल्या रात्रीची होती.

वॉल्टने मरणाची वेळ कुठे ठेवलीय ते पाहा. घरातून डायपरसाठी बाहेर पडण्याच्या आधी. म्हणजे गुन्ह्याच्या काही तास अलीकडे. गुन्हा न सांगता त्याने गुन्ह्याची तारीख आणि वेळ सांगून टाकली. जेसीला एवढा धागा पुरला असता. तो ऐकत असतो, चेहऱ्यावर गोंधळ दिसतो, पण धागा त्याच्या हाती लागत नाही.

वॉल्ट आणखी पुढे सरकतो. त्या रात्री मी बारमध्ये थांबलो. असा एकटा कधी जात नाही. शेजारी बसलेला माणूस जेनचा बाप निघाला. अशी गाठ पडण्याची शक्यता किती, हे मी मोजायचा प्रयत्न केलाय, आकडा येतो तो अफाट. पुन्हा गणित! विश्व म्हणजे नुसते एकमेकांवर आपटणारे कण असतील तर हा योग कुठून आला, हे त्याला सुटत नाही. 0.111958 टक्के पुन्हा कमी पडले.

या सगळ्या वेळात चित्रात काय चाललंय? माशी वर छताला बसलीय. जेसी चाकांच्या जिन्यावर शिडी ठेवून तिच्यावर चढलाय, हातात गुंडाळलेला कागद. शिडी खाली वॉल्टने धरलीय, आणि वॉल्टच्या पापण्या मिटतायत. एका तरुण जिवाचा तोल या माणसाच्या हातात आहे आणि त्याने हात काढला तर तो मरेल. ही परिस्थिती त्याने आधी एकदा पाहिलीय. त्या वेळी हात पुढे करून मागे घेतला होता, या वेळी झोपेने खचत असतानाही त्याने तो सोडलेला नाही. दिग्दर्शकाने हे साम्य कुठल्याही जुन्या दृश्याचा तुकडा घालून ठळक केलेलं नाही. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

अशा अवस्थेत वॉल्ट म्हणतो, जेनबद्दल मला वाईट वाटतं. जेसी म्हणतो, मलाही. वॉल्ट पुन्हा म्हणतो, म्हणजे मला खूपच वाईट वाटतं.

त्या दुसऱ्या वाक्यावर कबुली ओठांशी येऊन ठेपलेली असते. आणि जेसी तिला माघारी धाडतो. तुमचा दोष नाही, माझाही नाही, कुणाचाच नाही, तिचाही नाही. आम्ही दोघं नशेबाज, हातात पैशांची बॅग, तुम्ही म्हणाला होतात तसे आठवड्यात मेलो असतो. जेनला मरू देण्याआधी जेसीचे पैसे अडवताना वॉल्टने हेच वाक्य तोंडावर फेकलं होतं. जेसी ते इतक्या दिवसांनी माफीपत्र म्हणून परत करतो. ज्याला काही ठाऊक नाही त्याने, ज्याने केलं त्याच्याच शब्दांत, न मागितलेली माफी दिली. आता वॉल्टने खरं सांगायचं तर ही माफीही फेडावी लागेल. तो सांगत नाही. खाली ये, म्हणतो, काम सुरू करू. जेसी विचारतो, मग कंटॅमिनेशनचं काय? वॉल्ट म्हणतो, सगळंच दूषित झालंय.

मग माशी जेसीच्याच हातून मरते. वॉल्टला झोप लागते. जेसी त्याला निजवतो आणि एकटाच सगळा माल बनवतो.

पैसे नव्हते म्हणून

हा सगळा भाग काटकसरीतून जन्मला. सीझनचं बजेट संपत आलं होतं. बाहेर चित्रीकरण म्हणजे ट्रक, माणसं, सामान हलवण्याचा खर्च आला, म्हणून एकाच सेटवर दोन नटांत उरकेल असा भाग लिहिला गेला. टीव्हीच्या धंद्यात याला बॉटल एपिसोड म्हणतात. मालिकाकर्ते व्हिन्स गिलिगन यांनी हे कधी लपवलेलं नाही. चाहत्यांत या भागावरून आजही भांडणं होतात. 62 भागांच्या या मालिकेत, प्रेक्षक जिथे गुण देतात त्या आयएमडीबी या संकेतस्थळावर सगळ्यात कमी गुण याच भागाला आहेत. काही घडतच नाही, अशी तक्रार. कथानकाच्या खुंट्या मोजणाऱ्याला ती रास्त वाटेल.

तुलनेसाठी दुसऱ्या सीझनमधलं गुलाबी टेडी बेअर घ्या. सीझनभर अधूनमधून, काळ्यापांढऱ्या चित्रात एकटं गुलाबी, वॉल्टच्या पोहण्याच्या तलावात तरंगणारं, एक डोळा निखळलेलं. तो डोळा पुढे वॉल्ट जपून ठेवतो. चार भागांची नावं एकापुढे एक वाचली की ‘सेव्हन थर्टी-सेव्हन, डाउन, ओव्हर, एबीक्यू’ असं, म्हणजे 737 विमान अल्बकर्कीवर कोसळल्याचं, भाकीत तयार होतं. कारागिरी म्हणून दाद द्यावीच लागते, पण मला ते प्रतीक फार सजवलेलं वाटतं. ते आपल्याकडे बघून सारखं मी प्रतीक आहे असं सांगत असतं, आणि पात्रांना त्याच्याशी करण्यासारखं काही नसतं. माशी गलिच्छ, क्षुद्र, रोजची. तिच्यामागे धावावं लागतं, पडावं लागतं, हसं होतं. दोन माणसांना एका खोलीत अडकवून बोलतं करण्याचं काम ती करते. प्रतीकाने आधी घाम गाळावा, अर्थबिर्थ नंतर.

माशीचा अर्थ लावण्याचे इतर प्रयत्नही पाहिलेत : माशी म्हणजे गस, माशी म्हणजे कर्करोग, माशी म्हणजे खुद्द जेसी. शेवटच्यात थोडं तथ्य आहे, कारण मालात खरी भेसळ, खरी तूट, जेसीनेच आणलीय. काम संपल्यावर वॉल्ट त्याला बाहेर गाठून बजावतो की चोरी पकडली गेली तर मी तुला वाचवू शकणार नाही. म्हणजे झोपेतून उठल्यावर जुनं खातं बंद, पाव पौंडाचं पुन्हा सुरू. जेसी विचारतो, वाचवायला तुम्हाला सांगितलंय कुणी? आणि त्या रात्री वॉल्ट अंथरुणात पडलाय, छतावरच्या स्मोक डिटेक्टरचा लाल दिवा लुकलुकतोय आणि त्यावर माशी येऊन बसते. मेलेली माशी परत कशी आली, असलं काही विचारू नये.

कबुली येते, पण कशी

आपल्याकडच्या गुन्हेगारी मालिकांत गुन्हेगाराला शेवटच्या पाच मिनिटांत एक थप्पड बसते आणि तो सगळं घडाघडा सांगतो. कबुली म्हणजे गाठ सुटली, प्रेक्षक झोपायला मोकळा. ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये कबुलीला तीन वर्षांहून जास्त वेळ लागला. 15 सप्टेंबर 2013 रोजी दाखवलेला ‘ओझिमँडियस’ हा पाचव्या सीझनमधला भाग. दिग्दर्शक पुन्हा रायन जॉन्सन, लेखिका मोइरा वॉली-बेकेट. ज्यांनी शिडीखाली कबुली गिळायला लावली होती त्यांच्याच हातून ती बाहेर आली.

वाळवंटात वॉल्टचा साडू हँक याचा खून झालाय, पैसा लुटला गेलाय, वॉल्ट उद्ध्वस्त आहे आणि या सगळ्याला जेसी जबाबदार आहे असं त्याने ठरवून टाकलंय. गुंड जेसीला फरफटत न्यायला निघतात, छळून मारणार हे उघड आहे. वॉल्ट त्यांना थांबवतो आणि जेसीच्या डोळ्यांत बघून सांगतो : मी जेनला मरताना पाहिलं. मी तिथे होतो. वाचवू शकत होतो, वाचवलं नाही.

या वेळी अडखळणं नाही, गोळ्यांची गुंगी नाही, शक्यतांचा आकडा नाही. 2010 मधल्या त्या रात्री हेच शब्द बोलले गेले असते तर त्यांनी वॉल्टचं ओझं उतरलं असतं. आता ते सुरीसारखे वापरलेत, फक्त दुखवायला. त्याला वाईट वाटतंय म्हणून तो बोलत नाही. वाईट वाटणं संपलंय म्हणून त्याला हे बोलता येतं. मालिकेच्या शेवटच्या भागात तो स्कायलरपुढे हे सगळं स्वतःसाठीच केल्याचं कबूल करतो, पण तिथेही जेनचं नाव येत नाही.

ज्यांना हे प्रकरण सलग पाहायचंय त्यांनी पूर्ण मालिका पुन्हा लावायची गरज नाही. पहिल्या सीझनचा तिसरा भाग, दुसऱ्याचे शेवटचे दोन, तिसऱ्याचा पहिला आणि दहावा, आणि पाचव्याचा चौदावा. दुसऱ्या सीझनचा बारावा पाहताना हॉलीच्या पाळण्याकडे लक्ष असू द्या. तो प्रसंग काही सेकंदांचाच आहे.